जरा पातळ करून आणा

आमच्या मराठवाड्यात ‘पातळ’ या शब्दाला फारसा मान नाही. बायका नेसतात त्या पातळाला असेल, पण खाण्यापिण्यातल्या पातळाला अजिबात नाही. नांदेडच्या टपरीवर चहा पातळ निघाला तर गिऱ्हाईक भांडत नाही, फक्त विचारतं, “मालक, दूध म्हशीचं हाय का बोअरचं?” लग्नात वरण पातळ झालं तर नवरानवरीचं पुढं काय झालं हे लोक विसरतात, वरण विसरत नाहीत. आमच्याकडं प्रेमसुद्धा दाट, भांडणसुद्धा दाट आणि ठेच्याविषयी तर बोलायलाच नको.

अशा मुलखात वाढलेल्या माणसाला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं सांगितलं, “नमुना जरा पातळ करून आणा.” मला वाटलं, हा माझा नव्हे, आठ जिल्ह्यांचा अपमान आहे.

त्याचं असं झालं. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या दिनी, सुरू झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पोरांतला मी एक. पुढं संशोधनाची खाज सुटली आणि मी एका चंबूत पॉलिस्टायरिन तयार केलं. पॉलिस्टायरिन म्हणजे काय, तर स्टायरिनचे हजारो रेणू एकमेकांचा हात धरून उभे राहिले की जी साखळी होते ती. पुस्तकात अशा पदार्थांना ‘बहुवारिक’ म्हणतात. घरी मात्र मी “पांढरा चुरा” एवढंच सांगितलं, कारण ‘बहुवारिक’ म्हटल्यावर आईला तो कुठला तरी वाताचा आजार वाटला होता.

ही साखळी द्रावकात टाकली की ताठ उभी राहत नाही. शिजवलेल्या शेवयांसारखी गुंडाळी होऊन तरंगते. माझ्या साखळ्या किती लांब झाल्या, म्हणजे त्यांचा रेणुभार किती, हे मला मोजायचं होतं. माझी अपेक्षा दहा लाखांच्या पुढं होती. मराठवाड्याच्या माणसानं काही केलं तर लाखात करावं, शेकड्यात नाही.

हे मोजायच्या पद्धतीला मराठीत ‘आकार-वर्जन वर्णलेखन’ म्हणता येतं. यात वर्णही नाही आणि लेखनही नाही. तीत काम करणारी माणसं आपली ‘जीपीसी’ म्हणतात. यंत्र मोठं आणि महाग असलं तरी त्याचा जीव एका नळीत आहे. साधारण वीतभराहून थोडी लांब, बोटाएवढी जाड अशी स्टीलची नळी. तिच्यात बारीक सच्छिद्र मणी ठासून भरलेले असतात. एका बाजूनं पंप द्रावक ढकलत राहतो, मिनिटाला एक मिलिलिटर, ना कमी ना जास्त. त्या धारेत तुमच्या द्रावणाचा एक थेंब सोडायचा आणि पलीकडं कोण केव्हा बाहेर पडतं ते बघत बसायचं.

आता सांगा, आधी कोण बाहेर येईल? लहान की मोठा? चाळणीवर वाढलेले आपण सगळे म्हणणार, लहान. इथंच यंत्र आपल्याला फसवतं. इथं मोठा आधी येतो.

हे समजायला पुण्याला जायची गरज नाही, लातूरच्या गंजगोलाईत उभं राहिलं तरी पुरे. 1917 साली बांधलेल्या या गोल बाजाराला 16 रस्ते फुटतात. आडतीचा माल भरलेला ट्रक तिथं आला तर तो कुठल्याच बोळात शिरत नाही. शिरूच शकत नाही. तो शिव्या खात, शिव्या देत, सरळ बाहेर पडतो. सायकलवरचं पोरगं मात्र प्रत्येक बोळात डोकावतं. इथं बांगड्या बघ, तिथं उसाचा रस पी, तिसऱ्या बोळात मित्राच्या दुकानात बसून कॅरमचा एक डाव टाक. संध्याकाळी घरी पोहोचतं तेव्हा ट्रक अहमदपूरला गेलेला असतो. जीपीसीच्या नळीतल्या मण्यांची छिद्रं म्हणजे हे बोळ. मोठी गुंडाळी छिद्रात मावत नाही, ती पहिली बाहेर येते. छोटी प्रत्येक छिद्रात मुक्काम करत येते. कोण किती वेळानं आलं यावरून कोण केवढं होतं ते ठरतं. आधी माहीत असलेल्या मापाच्या साखळ्या सोडून वेळापत्रक तयार करतात आणि मग आपल्या साखळीची वेळ त्यात बघतात. म्हणजे यंत्र वजन करतच नाही, फक्त घड्याळ बघतं. आमच्या शाळेतले मुख्याध्यापकही असेच होते. पोरगं किती वाजता आलं एवढं बघून त्याची लायकी सांगायचे.

ही कल्पना शोधली कुणी, असं सासूबाईंनी मला एकदा विचारलं होतं. माझी सासरवाडी लातूरची, हे इथं सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. मी सांगितलं, “मामी, 1950 च्या दशकात लंडनच्या एका हॉस्पिटलात लेथ आणि रुथव्हेन या दोघांनी फुगवलेल्या स्टार्चचे कण नळीत भरून हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं. मग 1959 साली स्वीडनमधल्या उप्साला इथं पोराथ आणि फ्लोडिन यांनी सेफाडेक्स नावाचे मणी आणले. ते कोरडे मिळायचे, आधी पाण्यात भिजत घालून फुगवावे लागायचे.” सासूबाई म्हणाल्या, “मग साबुदाणा म्हणा की जावईबापू. उगं हिकडं तिकडं कशाला नेलाव?” मी गप्प बसलो. 1964 साली अमेरिकेत डाऊ कंपनीतल्या मूर यांनी प्लॅस्टिकच्या साखळ्यांसाठी पॉलिस्टायरिनचेच मणी बनवले, हे सांगायचं राहूनच गेलं. साबुदाण्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तर मी नमुना घेऊन पुण्याला निघालो. द्रावण करताना मनात एकच विचार, पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये. पुण्याच्या लोकांना दिसलं पाहिजे की नांदेडचा माल आहे. म्हणून मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम चुरा घातला. दहा मिलिग्रॅम ऐकायला चिमूटभरही वाटत नाही. मी तर हात आखडताच घेतला होता. वर खळाखळा हलवलं. बाटलीतलं द्रावण चांगलं गुळाच्या काकवीसारखं दिसायला लागलं. मनाला समाधान वाटलं.

तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी बाटली तिरकी केली. द्रावण सावकाश सरकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अभिमानानं बघितलं. मग त्यांनी ते बारीक गाळणीतून सिरिंजनं दाबायला घेतलं. अंगठा लाल झाला, गाळणीतून थेंब काही पडेना. शेवटी कसंबसं यंत्रात सोडलं. आलेख आला. चांगला आलेख म्हणजे एकच नीट शिखर. माझा आलेख बालाघाटाच्या रांगेसारखा. आडवा, पसरलेला, मध्येच एक खांदा आणि शेवटी लांबलचक शेपूट चाकूरपर्यंत गेलेली. उत्तर आलं सात लाख.

“सात?” मी म्हणालो. “दहाच्या पुढं पाहिजे होतं.”

“असेलही,” त्या म्हणाल्या. “पण एवढ्या दाट द्रावणात कळणार कसं? जरा पातळ करून आणा.”

दाट केल्यानं मोठी गोष्ट लहान दिसते, हे माझ्या डोक्यात शिरेना. जास्त घातलं तर जास्त निघायला पाहिजे, असाच आमचा हिशेब. डाळ जास्त, तर वरण जास्त. पुण्याहून परत आलो आणि पुढच्याच आठवड्यात लातूरला निघालो. तेव्हा एसटीनं मला हे शिकवलं.

नांदेडहून लातूरचा रस्ता लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा जातो. मार्गशीर्षाचे दिवस होते आणि माळेगावला खंडोबाची यात्रा भरली होती. ज्यांनी ती यात्रा बघितली नाही त्यांना सांगतो. घोडे, उंट, गाढवं, कुस्त्या, तमाशाचे फड आणि भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. हे सगळं जणू आमच्या बसमध्ये चढायला निघालं होतं. गाढवं तेवढी खाली राहिली असावीत, तरी मी खात्रीनं सांगत नाही.

नांदेडला बस सुटली तेव्हा माझ्या शेजारी एक पैलवानगडी बसला होता. दीड सीट त्याची, अर्धी माझी. दोन्ही गुडघे बाहेर, हात मागच्या बाकावर. लोह्याला माणसं चढली, त्यानं हात खाली घेतला. पुढं आणखी चढली, त्यानं गुडघे मिटले. माळेगावला ‘येळकोट येळकोट’ करत जे लोक आत आले, त्यांच्या रेट्यात तो पैलवान असा काही आकसला की त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये एक म्हातारी आणि तिची पिशवी बसली. मी डोळ्यांनी बघितलं. माणूस तोच, वजन तेच. पण गर्दीनं त्याचा आकार अर्धा झाला होता.

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. साखळीचं हेच होतं! पातळ द्रावणात प्रत्येक गुंडाळी पाय पसरून बसलेली असते. शेजारी कुणी नसतं. चुरा वाढवत गेलं की एक वेळ अशी येते की गुंडाळ्या एकमेकींना खेटायला लागतात. लांब साखळ्यांची ही वेळ फार लवकर येते, कारण त्या मुळातच जागा जास्त अडवतात. मग प्रत्येक गुंडाळी आकसते. आकसलेली गुंडाळी एरवी न मावणाऱ्या छिद्रात मावते. छिद्रात गेली की उशीर झाला. उशीर झाला की यंत्राचं घड्याळ म्हणतं, ही लहान आहे.

नुसती आकसतेच असं नाही. बाहेर रेटारेटी एवढी होते की कुणाची इच्छा नसताना लोक बोळात ढकलले जातात. यात्रेत मीही असा एकदा ढकलला गेलो होतो आणि नको असताना पंधरा मिनिटं एका गाढवाची किंमत ऐकत उभा राहिलो होतो. तिसरी गोष्ट चिकटपणाची. दाट थेंब पातळ धारेत सोडला की मागून येणारी पातळ धार त्याला एकसारखं ढकलत नाही. ती बोटं खुपसत त्यातून वाट काढते, जसं चढायच्या घाईत एसटीच्या दारात होतं. थेंब फाटतो, पसरतो. माझ्या आलेखावरचा खांदा आणि ती चाकूरपर्यंतची शेपूट यातूनच आली होती. आणि वेळापत्रक असं असतं की थोडा उशीर म्हणजे आकारात मोठा फरक. मिनिटभराच्या हिशेबात लाखांची चूक. बोर्डाच्या परीक्षेतल्यासारखं.

मग मी अभ्यासाला लागलो आणि कळलं की जुनी माणसं हे सगळं केव्हाच सांगून बसली आहेत. साधारण साखळीसाठी मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅम, छोट्या साखळीला थोडं जास्त चालतं, आणि दहा लाखांच्या पुढच्या दांडग्याला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा पुरतो. म्हणजे जेवढा माणूस मोठा, तेवढी त्याला गर्दी कमी पाहिजे. मी बरोबर उलटं केलं होतं. शिवाय खळाखळा हलवायचंही नसतं. लांब साखळ्या त्यानं तुटू शकतात. रात्रभर शांत ठेवायचं, आपोआप विरघळतं. विरजणासारखं.

फार पातळ केलं तरी चालत नाही. मग पलीकडं बसलेल्या मापकाला काही दिसतच नाही, नुसता रेषेचा थरथराट दिसतो. लातूरकरांना तर पातळ करायचा सल्ला जपूनच द्यावा. एप्रिल 2016 मध्ये तिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी आणि त्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्या दिवसांत सासूबाईंच्या घरी वरण इतकं दाट व्हायचं की वाटी उलटी केली तरी पडत नव्हतं. त्या म्हणायच्या, “पाणी घालायचं म्हणजे मिरजेचं घालायला लागतं जावईबापू, डाळ स्वस्त पडायलीय.”

सासूबाईंचं नाव निघालंच आहे तर या शास्त्राचा सगळ्यात अवघड भाग त्यांच्याच घरी कसा सुटला ते सांगतो. पॉल फ्लोरी नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला, 1974 चं नोबेल त्याला मिळालं. त्यानं दाखवलं की साखळीची गुंडाळी केवढी होते हे द्रावकावरही अवलंबून असतं. द्रावक मानवला की गुंडाळी फुगते. न मानवला तर आक्रसते आणि शेवटी तळाशी जाऊन बसते. या दोन्हींच्या मध्ये एक अवस्था असते, तिला थीटा म्हणतात. तिथं गुंडाळी फुगतही नाही आणि आक्रसतही नाही.

आता जावई घ्या. जावई सासरवाडीला गेला की फुगतो. हा मानवलेला द्रावक. स्वतःच्या घरी तो थीटा अवस्थेत असतो. कुणी विचारत नाही, कुणी हाकलतही नाही. आणि उसनवारी बुडवलेल्या मित्राच्या दारात गेला तर तळाशीच बसतो.

लग्नानंतर पहिल्यांदा एकटा लातूरला गेलो तेव्हा मी काय फुगलो होतो म्हणून सांगू! पाटावर बसवलेलं, ताटाभोवती रांगोळी, तुपाची वाटी वेगळी. सासरे म्हणाले, “घ्या, संकोच नका करू.” मी केला नाही. मेहुणा पंखा घेऊन उभा. त्या दिवशी मला मोजलं असतं तर पंधरा लाख भरलो असतो.

मग आला अधिक महिना. धोंड्याचं जेवण! आमच्याकडं अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची रीत. सासूबाईंना मुली पाच, मी चौथा जावई. त्यांनी हिशेब केला. पाच वेळा पुरण कोण शिजवत बसणार? पाचही जावई एकाच दिवशी बोलावले.

एका बैठकीत पाच जावई! संहती, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, एकदम पाचपट. पहिला बँकेत, दुसरा मार्केट यार्डात आडतीचा, तिसरा शिकवणीवर्ग चालवणारा. पाचवा पुण्याला आयटीत, आणि त्या दोघांच्या मध्ये मी. तुपाची वाटी एकच, ती फिरवायची. पंखा थोरल्याकडं. पहिल्यानं सोयाबीनचा भाव विचारला, दुसऱ्यानं सांगितला, तिसऱ्यानं त्याच्या विद्यार्थ्यांचे नीटचे मार्क सांगितले, पाचव्यानं काहीच सांगितलं नाही, नुसता मोबाईल बघितला. मला कुणीतरी विचारलं, “तुमचं काय चाललंय सध्या?” मी म्हणालो, “द्रावण पातळ करायलोय.” पुढं कुणी विचारलं नाही. मी पाय मिटले, कोपर आवरलं आणि एसटीतल्या पैलवानासारखा आकसलो. आश्चर्य म्हणजे सगळ्यात जास्त आकसला तो सगळ्यात जास्त फुगणारा, म्हणजे थोरला. तेही शास्त्राला धरूनच. मुळात जो फुगलेलाच नाही, त्या थीटातल्या गुंडाळीला गर्दीचा फारसा फरक पडत नाही. आमचे सासरे कोपऱ्यात आडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. पाच जावई आले काय आणि पन्नास आले काय, ते होते तेवढेच राहिले.

शिकवणीवाल्या साडूचं ऐकताना एक गोष्ट मनात आली. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून गावोगावची पोरं लातूरला येतात. हल्ली नांदेडलाही येतात. प्रत्येक पोरगं आपल्या गावात पहिलं असतं, म्हणजे भरपूर जागा घेऊन वाढलेलं. इथं एका खोलीत चार पहिले, एका वर्गात शंभर पहिले. पोरं आकसतात. यादीत नाव उशिरा दिसतं. बाप फोनवर म्हणतो, “गावात तर हुशार होतास, इथं काय झालं?” काही झालेलं नसतं. द्रावण दाट झालेलं असतं. यादीनं घड्याळ बघितलं आणि पोराचं माप सांगून टाकलं. साडूला मी हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “म्हणजे बॅच छोटी करू म्हणता? मग फी पातळ होईल ना.”

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये मात्र हे गणित चालताना मी कधी बघितलं नाही. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला जगभरातून माणसं आली. पंगतीत सगळे एका ओळीत जमिनीवर, पुढ्यात तीच डाळ, तीच रोटी. कोण लहान, कोण मोठा, हे कुणी विचारत नाही. यंत्राला तिथं मोजायला काहीच सापडणार नाही.

मी द्रावण शेवटी पातळ केलं. अर्धा मिलिग्रॅम. हात थरथरला, पण केलं. रात्रभर हलवलं नाही. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, शंका असेल तर तीन-चार वेगवेगळ्या पातळपणाची द्रावणं करा, प्रत्येकाचं उत्तर घ्या आणि ओळीनं मांडून बघा की गर्दी शून्य असती तर उत्तर काय आलं असतं. शून्य गर्दीत रेणू कधीच नसतो, पण त्याचं खरं माप तिथंच असतं. शिखर आलं, एकच, नीट. साडेदहा लाख! गावाकडं फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, “पगार वाढला का?”

धोंड्याच्या जेवणानंतर मी लातूरहून रात्री उशिराची बस धरली. पाचपट संहतीतून सुटल्याचा आनंद होता. बस रिकामी. मी, ड्रायव्हर आणि कंडक्टर. अहमदपूर मागं पडलं, माळेगावचा माळ अंधारात मोकळा पडलेला. मी एक पाय समोरच्या सीटवर टाकला, दुसरा वाटेत, एक हात खिडकीबाहेर, पिशवी शेजारी, पिशवीशेजारी धोंड्यांचा डबा. डोळा लागणार एवढ्यात कंडक्टर आला, माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि म्हणाला,

“सर, तिकीट एकाचंच काढलाव ना?”